बोला, कुणासाठी?

नांदेडच्या बस स्टँडवरून सुटलेली शेअर रिक्षा वजिराबादच्या चौकात अडकली, पुढच्या टेम्पोवाल्यानं आणि मागच्या मोटरसायकलवाल्यानं एकमेकांचा उद्धार सुरू केला, आणि त्या गलक्यात भार्गवीला अगदी कानाशी स्वतःचाच आवाज ऐकू आला. ‘बोला, कुणासाठी?’ आधी तिला वाटलं, झालं, लागलं वेड. सकाळपासून लातूर-नांदेड एसटीच्या मागच्या सीटवर आदळून डोक्यातलं सगळं जागचं हललेलं, त्यात पोटात चहाशिवाय काही नाही. पण पुन्हा आलाच. ‘बोला, कुणासाठी?’ आणि वाक्याच्या शेपटाला कुकरची शिट्टी, फुस्स करून उठलेली आणि पुरती वाजायच्या आत कापलेली. ती शिट्टी तिच्याच स्वयंपाकघरातली होती, लातूरच्या, डाळ लावलेल्या कुकरची. दुसरीकडं कुठली असणं शक्यच नव्हतं. तिनं हळूच डावीकडं बघितलं. एक बाई होत्या, पन्नाशी उलटलेल्या, इरकलाचा पदर डोक्यावरून घेतलेला, मांडीवर फुगलेली पिशवी, आणि पिशवीवर टेकवून तोंडापुढं धरलेला, कोपऱ्यात तडकलेला फोन. भार्गवीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ह्या बाईंना ती ओळखत नव्हती. आईशप्पथ, जन्मात कधी बघितलेलं नव्हतं.

आता ह्यात एवढं दचकायचं काय, असं कुणी म्हणेल. जिनं ॲप बनवलं तिला ते कुणाच्या तरी हातात दिसणारच की! पण इतक्या दिवसांत तिला ते दिसलं होतं ते आत्याच्या हातात, मैत्रिणींच्या हातात, वडिलांच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या हातात. सगळी ओळखीतली माणसं, भिडेखातर घेतलेली. ‘पंतांच्या पोरीनं काहीतरी काढलंय, घ्या बाबा,’ अशी. तिचा धंद्यातला जोडीदार अंबरीश रोज आकडे सांगायला यायचा, वाढले म्हणायचा, उदगीर देगलूरकडून लोक यायला लागलेत म्हणायचा, आणि ती कानांवर हात ठेवायची. बंगळुरात तिनं आकडे फुगताना बघितले होते. आकड्याला तोंड नसतं, तो काय वाट्टेल ते सांगतो. तिला माणूस बघायचा होता. एक, अनोळखी, आपल्या मनानं आलेला. तो काही दिसला नाही, आणि म्हणूनच ती आज नांदेडला निघाली होती, आयटीआयजवळच्या हॉटेलात हैदराबादच्या कंपनीचा राघवेंद्र नावाचा माणूस बसला होता त्याला ‘हो’ म्हणायला. हे ‘फर्माईश’ ॲप घेऊन टाका, चालवा तुमच्या पद्धतीनं. मोठ्यांच्या हातात गेलं तर टिकेल तरी. ‘हो’ हा शब्द तिनं अहमदपूरपासून लोह्यापर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवून घोळवून पार चोथा केला होता.

राघवेंद्र वाईट माणूस होता असं नाही. गोड बोलायचा. फोनवर म्हणाला होता, ‘मॅडम, रत्नम्माजींच्या गाण्याचे चाहते म्हणजे सोनं आहे. फक्त त्यांना जरा चेव आणायला पाहिजे. पहिला चाहता कोण, दुसरा कोण, लावून द्यायचं. आणि तो आवाज तेवढा बदलू. त्यात मागं काहीतरी शिजतंय.’ भार्गवी हसली होती. त्यात खरंच शिजत होतं.

टेम्पो हलला. रिक्षा निघाली. बाईंनी फोन तोंडापासून जरा लांब धरून त्याला दटावलं, ‘थांब की माय, इचार करू दे जरा. सारखं आपलं कुणासाठी, कुणासाठी.’ उजवीकडं कॉलेजची एक पोरगी कानात इअरफोनची बोंडं घालून बाहेर बघत होती. पुढं रिक्षावाला आरशातून मागं बघत म्हणाला, ‘कुकरवाली हाय का, मावशी?’ ‘हाव, तीच,’ बाई म्हणाल्या. ‘आमच्या घरी बी हाय,’ रिक्षावाला म्हणाला, ‘बायको फर्माईश करून राहिली रोज. शिट्टी झाली की पोरगं म्हणतं, मम्मे, गॅस बंद कर.’ दोघं खळखळून हसली. भार्गवी मधोमध बसली होती, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. कुकरवाली! तिचं नाव पडलं होतं. तिच्या पाठीमागं, तिला न विचारता, नांदेडकडच्या घराघरांत तिचं एक नाव पडलं होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

तोंड उघडायची सोय नव्हती. उघडलं की आवाज जाणार, आवाज गेला की ओळखणार. आणि दुसरं म्हणजे तिच्या धंद्यात एक नियम होता, तिनं स्वतःच पाळून पाळून हाडीमाशी खिळवलेला. फोन दुसऱ्याच्या हातात असला की आपण बोलायचं नाही. तो चुकू दे, अडखळू दे, भलतीकडं बोट नेऊ दे, आपण गप. बंगळुरातल्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात हे शिकवलेलं. सिनेमाच्या नटांच्या चाहत्यांसाठी तिथं ॲप बनवायचे. तिथल्या सगळ्या गोष्टी ती विसरली, ही तेवढी विसरली नाही. तिथं चाहत्यांना पायऱ्या होत्या. रोज या, रोज दाबा, एक पायरी वर चढा. एक दिवस नाही आलात की खाली. पोरं परीक्षेच्या दिवसांत आयांच्या हाती फोन देऊन जायची, पायरी जाऊ नये म्हणून. हे कळल्यावर तिथले लोक टाळ्या वाजवून हसले होते, आणि ती पण हसली होती. त्या हसण्याची चव तिच्या तोंडात बरेच दिवस राहिली, कडवट, गोळी घशात विरघळल्यासारखी. तेवढ्यात लातूरहून कुणीतरी गाणं पाठवलं, रत्नम्माचं म्हणून, आणि ते रत्नम्माचं नव्हतंच. नाव त्यांचं, आवाज कुण्या भलत्याच बाईचा. तिला अशी काही चीड आली, जणू कुणी घरात शिरून देव्हाऱ्यातली मूर्तीच बदलून ठेवली होती. मग शोधत गेली तर काय, रत्नम्मावाल्यांचे व्हॉट्सॲपवर ढीगभर गट, लातूरवाल्यांचं निलंगेकरांशी पटत नाही, नांदेडवाले म्हणतात खरे चाहते आम्हीच, आणि सगळे मिळून तीच खोटी गाणी एकमेकांना ढकलतायत. रत्नम्मांचे गुडघे गेलेले, त्या निलंग्याबाहेर पडत नाहीत. आहेत की गेल्या हेही निम्म्यांना ठाऊक नाही. भार्गवीनं नोकरी सोडली तेव्हा आई म्हणाली होती, ‘त्या बाईसाठी? तूच ना गं, लहानपणी तिच्या गाण्याला यायची नाही म्हणून पलंगाखाली शिरून बसायचीस?’

हो, बसायची. आईला वाटायचं, पोरीला गाणं आवडत नाही. गाण्यासाठी तर ती जीव टाकायची. रत्नम्मा श्रावणातल्या सोमवारी लातुरात यायच्या आणि गंजगोलाईच्या मागं बसवराज आडत्यांच्या दुकानापुढच्या फरशीवर संध्याकाळी गायला बसायच्या. कपाळभर विभूती, गालात लवंग, एक हात गुडघ्यावर आणि दुसरा हवेत, कुणाला तरी जवळ बोलावल्यासारखा. मराठी पद म्हणता म्हणता मधेच कानडीत शिरायच्या आणि शिरल्या कधी, परतल्या कधी, कळायचं नाही. आणि मग फर्माईश. फर्माईश करायची ती उभं राहून, मोठ्यानं, आणि दुसऱ्याच्या नावानं. स्वतःसाठी गाणं मागायचं नाही. कुणी घातला हा रिवाज देव जाणे, पण मोडलेला कुणी बघितला नव्हता. बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी आई पाळणा मागायची. म्हातारा सोबत्यासाठी मागायचा. एकदा एका बाईनं अबोला धरलेल्या जावेच्या नावानं मागितलं. जाऊ चार रांगा पुढं बसलेली, तिनं पदर तोंडाला लावला, गाणं संपेपर्यंत हुंदके, आणि घरी जाताना दोघी एका रिक्षात. रत्नम्मा आधी नाव उच्चारायच्या, सावकाश, अक्षर न् अक्षर चाखल्यासारखं, मग गायच्या. आणि ज्याचं नाव लागलं, पुढची फर्माईश त्याच्याकडं. चौथीतल्या भार्गवीला ते गाणं नकोच होतं एका परीनं. तिला ते नाव घेणं हवं होतं. त्या जाडसर, लवंग भरलेल्या आवाजात आपलं नाव कसं लागेल, एवढंच तिला ऐकायचं होतं. एक सोमवार गेला, दुसरा गेला. अक्षराच्या मावशीनं अक्षरासाठी मागितलं. समोरच्या पिंट्यासाठीसुद्धा मागितलं कुणीतरी, ज्याला नाक पुसायची अक्कल नव्हती! आई शेजारी बसलेली. पण आई कसली उठतेय? मास्तरांची बायको, चारचौघांत आवाज चढवायचा नाही. शेवटच्या सोमवारी भार्गवीला राहवलं नाही. उठली, फ्रॉक सारखा केला आणि सगळ्या फरशीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘माझ्यासाठी.’

काय हसले लोक! वाईट नव्हते हसले, कौतुकानंच हसले, पण हसले. आडत्यांचा मुनीम तर मांडीवर थापा मारून हसला. रत्नम्मा तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि म्हणाल्या, ‘बस, यव्वा. तुझं नाव घील की कुनी तरी.’ आणि पुढच्या माणसाकडं वळल्या. कुणीतरी घेईल. भार्गवी खाली बसली ती मान वर न करता, आणि त्या श्रावणानंतर ती गाण्याला गेली नाही. कान तेवढे गरम व्हायचे, कुठंही रत्नम्माचं गाणं लागलं की. आजही व्हायचे. आत्ता ह्या रिक्षातसुद्धा झाले होते.

कलामंदिर मागं पडलं. बाईंनी पिशवीतून पेरू काढला, पदराला पुसला, भार्गवीपुढं धरला, ‘खा गं. तोंड सुकलंय.’ भार्गवीनं मान हलवली, नुसतीच. ‘मुकी हाय का काय पोरगी,’ असं बाई स्वतःशीच म्हणाल्या आणि पेरू तिच्या हातात कोंबलाच. मग रिक्षावाल्याला सांगायला लागल्या. त्या तुळजाबाई, लोह्याच्या, लेकीकडं तरोडा नाक्याला निघाल्या होत्या. शनिवारी दुपारी रत्नम्मा निलंग्यात घरी बसून गातात आणि ते सगळ्यांच्या फोनवर एकदम येतं, तर त्यासाठी आज फर्माईश घालायची होती. ‘आता कुणासाठी मागू, सांग. नणंदेसाठी झालं, यायीनबाईसाठी, लेकीच्या सासूसाठी बी झालं. डोळ्याचं आपरेशन केलं त्या डाक्टरसाठी बी झालं, त्याला कुठं ठावं. शेजारीण मेली भांडकुदळ, तिच्यासाठी मागितलं तर दुसऱ्या दिवशी ताकाचं मडकं घिऊन दारात. आं?’ ‘भारीच की,’ रिक्षावाला म्हणाला. भार्गवी पेरू धरून बसली होती. तिनं दात लावला नाही. दात लावला असता तर रडू फुटलं असतं, तिची तिला खात्री होती.

कारण हे असं सुरुवातीला नव्हतंच. सुरुवातीला तिनं काय केलं होतं, आठवलं तरी तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची. बंगळुरातून डोकं भरून आणलेलं. पडद्यावर मधोमध लालभडक बटण, ‘माझी फर्माईश’. प्रत्येकाचं आपलं खातं, आपला फोटो, आणि वर पाटी, ह्या आठवड्याचा पहिल्या नंबरचा चाहता. लोक आले. ऐकायचे, तासन्‌तास ऐकायचे, आणि बटणाला बोट म्हणून लावायचे नाहीत. उदगीरच्या एका भल्या माणसाचा पहिला नंबर लागला तर त्याला गावात इतकं चिडवलं, ‘काय नंबरवाले, आम्हाला बी गाऊ द्या की,’ असं, की तो ॲप काढून मोकळा झाला. अंबरीश म्हणाला, बटण मोठं करू. केलं. रंग बदलू. बदलला. काही नाही, ढिम्म. मग भार्गवी उठली आणि गावोगाव फिरायला लागली. निलंगा, लोहा, कंधार. एसटीनं जायचं, कुणाच्या ओट्यावर टेकायचं, फोन त्यांच्या हातात द्यायचा आणि गप बसायचं. कंधारात बांगड्यांच्या दुकानातल्या एका बाईंनी रत्नम्माचं एक पद डोळे मिटून ऐकलं, डोळे पुसले, अंगठा त्या लाल बटणापाशी नेला. नेला आणि मागं घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. भार्गवीनं दाताखाली जीभ धरली होती. शेवटी बाईच म्हणाल्या, फोन परत देत, ‘असं आपलंच आपुन कसं मागावं, माय? लाज न्हाई का वाटत?’

भार्गवी हसत सुटली. हसता हसता खोकला लागला, बाईंनी पाणी आणलं, पाठीवर हात फिरवला, आणि तरी तिचं हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. लाज! अगं वेडे, हे तुला चौथीतच नव्हतं का कळलं? अख्ख्या फरशीसमोर कळलं होतं. ते इतकं खोल पुरून टाकलं की त्याच्यावरच घर बांधायला घेतलंस. जी चूक एका पोरीनं एकदा केली, तीच हजारो लोकांनी रोज करावी म्हणून बटण करून ठेवलंस, वर म्हणतेस लाल करू की निळं. कंधारहून परतताना एसटीच्या खिडकीशी तिला एकदम हलकं हलकं वाटायला लागलं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. घरी येऊन तिनं सगळं पाडलं. नंबर पाडले, फोटो पाडले, एका माणसाला एक खातं हे तर पहिलं पाडलं, कारण इकडं फोन घराचा असतो, सून आणि सासू आणि शाळेतून आलेली पोरं, सगळ्यांचा. टाइप करणं काढलं. दाबलं की एक आवाज येईल, तो विचारील कुणासाठी, आणि आपण तोंडानं सांगायचं, वाटेल त्या बोलीत, कानडीत सांगा की तेलुगूत सांगा, रत्नम्मा ऐकतील. निलंग्याला जाऊन तिनं हे त्यांना दाखवलं. रत्नम्मांनी स्टीलच्या डब्याला टेकवलेल्या फोनकडं बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘नाव पायजे हं. नावाबिगर कुनाला लावू मी गाणं?’ म्हणून दुसरा प्रश्न घातला, ‘त्यांचं नाव सांगा.’ समोर बसलेली भार्गवी त्यांना आठवत होती का? नव्हती. आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

आवाजासाठी अंबरीश म्हणाला, पुण्याहून चांगली निवेदिका बघू. तोवर कामचलाऊ म्हणून भार्गवीनं स्वतःच फोनवर बोलून ठेवलं, ओट्यापाशी उभं राहून, आणि मागं डाळीचा कुकर होता हे तिच्या गावीच नव्हतं. शिट्टी कापून टाकली तरी शेपूट राहिलं. निवेदिका कधी आलीच नाही. शेपूट घेऊनच तो आवाज गावोगाव गेला.

‘आयटीआय, आयटीआय!’ रिक्षावाला ओरडला. भार्गवीला इथंच उतरायचं होतं. पलीकडं हॉटेलची काच चमकत होती, आत राघवेंद्र बसला असेल, गार पाण्याचा ग्लास पुढ्यात, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून. नुसतं ‘थांबवा’ म्हणायचं होतं. एक शब्द. पण तुळजाबाईंनी त्याच क्षणी फोन पुन्हा तोंडापुढं धरला, बोट टेकवलं, आणि भार्गवीचा हात होता तिथंच राहिला. फोन दुसऱ्याच्या हातात होता. रिक्षा पुढं निघाली. हॉटेल गेलं, श्रीनगरचा रस्ता आला, आणि तिच्या पर्समध्ये मोबाईल थरथरायला लागला, राघवेंद्रचाच असणार. थरथरू दे म्हणाली ती मनात.

‘बोला, कुणासाठी?’ कुकर फुस्सला.

तुळजाबाई फोनकडं अशा बघायला लागल्या, जसं समोर कुणी माणूस बसलंय आणि त्याचा चेहरा आत्ताच नीट दिसला. ‘काय ओ,’ त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, ‘ही बिचारी रोज समद्यास्नी इचारती, कुणासाठी, कुणासाठी. हातातला सैपाक टाकून इचारती. हिच्यासाठी मागतं का वो कुनी?’ रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. ‘हिच्यासाठी? न्हाई बा. कोण मागणार?’ ‘मग?’ तुळजाबाई म्हणाल्या, आणि ठासून, उभ्या राहिल्यासारख्या ताठ बसून, फोनमध्ये बोलल्या, ‘ही कुकरवाली हाय ना, तिच्यासाठी. तिला पाळणा म्हणा, रत्नम्माबाई. दमली आसंल लेकरू.’

भार्गवीला समोरचं काही दिसेना. रस्ता, रिक्षाचा आरसा, आरशाला लटकवलेली मोरपिसं, सगळं पाण्यात गेलं. किती वर्षं? मोजायची शुद्ध कुणाला होती? ती फरशीवर बसलेली होती, फ्रॉक सारखा केलेला, आणि कुठूनतरी मागच्या रांगेतून एक बाई उठली होती, कधी न बघितलेली. आणि बाई उठली ती कुणी सांगितलं म्हणून नव्हे, भिडेखातर नव्हे. तिला वाटलं म्हणून. तिला एक अनोळखी माणूस बघायचा होता, तर त्या माणसानं तिलाच बघितलं होतं, न बघता.

‘त्यांचं नाव सांगा,’ फोनमधली भार्गवी म्हणाली.

‘आत्ता गं बया!’ तुळजाबाईंचा चेहरा पडला. ‘नाव कुठं म्हाईत हाय हिचं? आगं, तुझंच नाव. तूच सांग की!’ फोन गप्प. वाट बघत असलेला. ‘त्यांचं नाव सांगा,’ पुन्हा म्हणाला, तितक्याच शांतपणानं, त्याच्या जिवाला काय? तुळजाबाई रिक्षावाल्याकडं बघायला लागल्या, रिक्षावाला खांदे उडवायला लागला, ‘नुसतं कुकरवाली म्हणून टाका, मावशी,’ आणि तुळजाबाई चिडून म्हणाल्या, ‘कुकरवाली काय नाव हाय व्हय? असं चालत न्हाई तिथं. नाव लागतंय, नाव!’ त्यांचं बोट उचलायला लागलं. आता फोन बंद होणार, फर्माईश जाणार, फोन पिशवीत जाणार, आणि शनिवारपर्यंत तुळजाबाईंना दुसऱ्या कुणाचं तरी नाव सापडणार. भार्गवीनं आयुष्यभर पाळलेला धंद्याचा नियम मोडला. ती फोनकडं वाकली आणि म्हणाली, ‘भार्गवी.’

कॉलेजच्या पोरीनं कानातलं एक बोंड काढलं. तुळजाबाई फोनकडं बघतायत, भार्गवीकडं बघतायत, पुन्हा फोनकडं. ‘बोल,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘पुन्हा बोल एकदा.’ भार्गवीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती, तोंडभर, अगदी निर्लज्जासारखी. ‘बोला,’ ती म्हणाली, ‘कुणासाठी?’

‘अगं आई आई आई!’ तुळजाबाईंनी तिचा हात पेरूसकट धरला, हनुवटीला हात लावून बोटं मोडली, पुन्हा हात धरला. ‘ही बघा वो, हीच! माझ्या शेजारी बसून मुकी बनून ऱ्हायली! चोरटी कुठली!’ रिक्षावाल्यानं वर्कशॉप कॉर्नरला रिक्षा सरळ कडेला घेतली आणि पूर्ण मागं वळून तिच्याकडं बघत बसला. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले तरी त्याला फिकीर नव्हती. पर्स पुन्हा थरथरायला लागली. भार्गवीनं फोन काढला. राघवेंद्र विचारत होता, मॅडम कुठं पोचलात, आम्ही वाट बघतोय. बसमध्ये घोळवून घोळवून चोथा केलेला तो शब्द तोंडात शोधला तर नव्हताच, कुठं सांडला होता कुणास ठाऊक. ‘नाही, राघवेंद्रजी,’ ती म्हणाली, मोठ्यानं, आईनं कधी चढवू दिला नव्हता तसा आवाज चढवून. ‘नाही द्यायचं. आमच्याकडं पहिला नंबर नसतो कुणाचा. आणि तो आवाजही राहील, कुकरसकट.’ पलीकडून काहीतरी गोड येत होतं. तिनं नमस्कार म्हणून फोन ठेवला.

शनिवारी दुपारी रत्नम्मा लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतील आणि तिचं नाव म्हणतील. सावकाश. ते कसं लागेल हे भार्गवीला आत्ताच ऐकू येत होतं, आणि कान गरम झाले नव्हते. मग तिला आठवलं की आपल्या नावानं गाणं लागलं की पुढची फर्माईश आपल्याकडं असते. फरशीवर तसंच चालायचं. सगळ्यांना विचारता विचारता तिनं स्वतः मात्र आजवर कुणासाठी कधीच मागितली नव्हती. तिनं स्वतःच्या फोनवर ‘फर्माईश’ उघडलं, बोट टेकवलं. ‘बोला, कुणासाठी?’ तिच्याच आवाजानं तिला विचारलं, आणि डाळीचा कुकर फुस्स झाला.

‘माझ्या शेजारी बसल्यात त्यांच्यासाठी,’ भार्गवी म्हणाली. ‘तुळजाबाई. लोह्याच्या.’

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. पुढून रिक्षावाला घसा खाकरून म्हणाला, ‘ताई, माझ्यासाठी आपलं मी न्हाई म्हणत. पन बायकोचं नाव रत्नमाला हाय. ध्यानात ठिवा.’ आणि त्यानं रिक्षाला किक मारली.